बारा गुणांचे नागरिकशास्त्र

दहावीच्या ‘इतिहास व राज्यशास्त्र’ या विषयाची लेखी परीक्षा ४० गुणांची असते. त्यात इतिहासाला २८ आणि राज्यशास्त्राला १२ गुण. बोर्डाच्या एकूण ६०० गुणांत लोकशाहीच्या वाट्याला येतात ते शेकडा दोन. शिक्षक, विद्यार्थी आणि पालक, तिघांनाही हे गणित तोंडपाठ आहे. म्हणून बहुतेक वर्गांत आधी इतिहास पुरा केला जातो आणि राज्यशास्त्र सराव परीक्षेच्या तोंडावर उरकले जाते. गाईडमधल्या ठळक ओळी, ‘चूक की बरोबर ते सकारण सांगा’चे ठरीव नमुने, एखादे संकल्पनाचित्र, की झाले. निवडणूक प्रक्रिया, राजकीय पक्ष, सामाजिक व राजकीय चळवळी, लोकशाहीसमोरील आव्हाने अशी वजनदार प्रकरणे चार-सहा तासांत हातावेगळी होतात.

दुसरीकडे ‘मुलांवर संविधानाचे संस्कार झाले पाहिजेत’ याबद्दल कुठल्याच पक्षाचे दुमत नाही. दर काही वर्षांनी एखादा जीआर निघतो, एखादा सप्ताह साजरा होतो, एखादी मोहीम जाहीर होते. अशा प्रयत्नांची सुरुवात राज्यात झाली ती नागपुरातून, आणि तीही मंत्रालयातून आलेल्या आदेशाविना.

२००५ मध्ये नागपूर जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी ई. झेड. खोब्रागडे यांनी जिल्ह्यातल्या शाळांत संविधानाच्या उद्देशिकेचे वाचन सुरू केले आणि २६ नोव्हेंबर हा दिवस संविधान दिन म्हणून पाळायला लावला. तेव्हा त्यामागे ना केंद्राचे परिपत्रक होते, ना राज्याचा निर्णय. एका सनदी अधिकाऱ्याने आपल्या अखत्यारीत जे करता येईल ते केले, इतकेच. पुढे नोव्हेंबर २००८ मध्ये राज्य शासनाने हा दिवस सर्वत्र पाळण्याचा आदेश काढला. केंद्र सरकारला २६ नोव्हेंबर हा संविधान दिन म्हणून घोषित करायला २०१५ उजाडले. उमरेड-काटोल-रामटेकच्या जिल्हा परिषद शाळांतली मुले तोवर दहा वर्षांची जुनी जाणती झाली होती.

फेब्रुवारी २०१३ मध्ये शासनाने आणखी एक पाऊल टाकले आणि शाळांच्या परिपाठात उद्देशिकेचे वाचन घेण्याचा जीआर काढला. त्याचे काय झाले, हे जानेवारी २०२० मध्ये शासनाच्याच तोंडून कळले. तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांच्या कारकिर्दीत २६ जानेवारीपासून सर्व शाळांत उद्देशिका वाचावी असा नवा आदेश निघाला, तेव्हा आधीच्या निर्णयाची अंमलबजावणी झालेली नाही, अशी कबुलीही त्याच्यासोबत आली. सात वर्षे आदेश फायलीत होता आणि शाळा त्यांच्या गतीने चालू होत्या. नव्या आदेशाला दोन महिनेही झाले नाहीत तोच कोरोनामुळे शाळांना कुलूप लागले.

त्याच सुमारास, फेब्रुवारी २०२० मध्ये, विधिमंडळाने सर्व शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा एकमताने संमत केला. न शिकवणाऱ्या शाळेच्या व्यवस्थापनाला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. म्हणजे भाषेला मिळाला अधिनियम आणि संविधानाला मिळाले परिपत्रक. मग नागरिकशास्त्रासाठीही असाच खणखणीत कायदा का करू नये, असा प्रश्न साहजिकच पुढे येतो. शिक्षण हा विषय १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेला आहे, तेव्हा राज्याला तसा अधिकारही आहे.

अडचण अधिकाराची नाही. कायद्याने सक्ती करायची ती नक्की कशाची, हे ठरवण्याची आहे.

एक कायदा तर आधीपासूनच हाताशी आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याचे २९वे कलम अभ्यासक्रम कसा असावा हे सांगते. त्यातल्या यादीत पहिलीच अट आहे ती संविधानातल्या मूल्यांशी सुसंगत असण्याची. त्याच कायद्याने प्रत्येक अनुदानित आणि सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असल्या पाहिजेत, असे बंधन घातले. कागदावर हे लोकशाहीचे प्रात्यक्षिकच आहे. आता आपल्या शाळेच्या समितीचे अध्यक्ष कोण, तिची शेवटची बैठक कधी झाली आणि तिथे काय ठरले, एवढे तीन प्रश्न कुठल्याही आठवीच्या वर्गात विचारून पाहावेत. भारताच्या राष्ट्रपतींची निवड कशी होते हे सांगणारी मुलेही इथे एकमेकांकडे बघतात. त्यांचा दोष नाही. ते इतिवृत्त वर्गात कुणी वाचून दाखवलेलेच नसते.

आता परिपाठाकडे वळावे. जिल्हा परिषदेच्या शाळेत सकाळी मैदानावर रांगा लागतात. राष्ट्रगीत होते, प्रतिज्ञा होते, मग एक विद्यार्थिनी माइकपाशी येऊन उद्देशिका सांगते आणि बाकीचे तिच्यामागून म्हणतात. ‘सार्वभौम’ व्यवस्थित निभावते, ‘अधिनियमित’पाशी पुढच्या रांगेतले दोघे-तिघे गडबडतात, मागच्या रांगा नुसती चाल धरून राहतात. त्यानंतर सुविचार, दिनविशेष, बातम्या. सगळे पंधरा-वीस मिनिटांत आटोपून मुले वर्गात जातात आणि पहिला तास गणिताचा असतो. वर्षाला दोनशेच्या आसपास शाळेचे दिवस धरले, तर दहावीपर्यंत हे वाचन दोन हजार वेळा होऊ शकते. दर्जाची आणि संधीची समानता म्हणजे आपल्या वर्गात काय, बाकावर कोण कुणाशेजारी बसते, पाण्याच्या टाकीजवळ काय घडते, यावर मात्र एकदाही बोलणे होत नाही, असेही होऊ शकते. वाचनाला विरोध असण्याचे कारण नाही. खोब्रागडे यांनी सुरू केलेल्या उपक्रमाने हजारो घरांत हा मजकूर पहिल्यांदा पोहोचला, हे मोठेच काम होते. पण ती ओळख होती. ओळख करून दिल्यावर बोलणे पुढे सरकायला हवे होते. शासनाने मात्र ती ओळखच पुन्हा पुन्हा, नव्या तारखेने करून दिली.

सक्तीने विषय आणला की काय होते, याचा एक धडा याच शाळांनी घेतलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये एम. सी. मेहता प्रकरणात पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले आणि २००३ मध्ये ते पुन्हा बजावले. हेतू उत्तम होता, न्यायालयाचे वजनही होते. शाळांपर्यंत पोहोचेतो त्या विषयाचा झाला ‘प्रकल्प’. स्टेशनरीच्या दुकानातून चित्रांचे तक्ते आणायचे, ‘प्रदूषण’ या शीर्षकाखाली चिकटवायचे, प्रस्तावना मोठ्या बहिणीच्या वहीतून उतरवायची आणि शेवटच्या पानावर ऋणनिर्देश लिहून श्रेणी घ्यायची. नाग नदीच्या काठच्या शाळेतल्या मुलाच्या प्रकल्पात गंगेच्या शुद्धीकरणाचे चित्र असते, नाग नदीचे नसते. नागरिकशास्त्राच्या कायद्याचे हेच होणार नाही याची हमी कुणी द्यायची?

सक्तीला घटनेची मर्यादाही आहे. केरळमधल्या तीन भावंडांना राष्ट्रगीत चालू असताना शांतपणे उभे राहूनही ते म्हटले नाही म्हणून शाळेतून काढण्यात आले. धार्मिक श्रद्धेमुळे ती गात नव्हती. १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पुन्हा प्रवेश द्यायला लावला. संविधानाचा आदर शिकवताना संविधानानेच दिलेले स्वातंत्र्य चिरडता येत नाही, हे या निकालाने स्पष्ट केले. उद्देशिकेच्या वाचनाला दंड आणि शिक्षेची जोड देणाऱ्यांनी हे प्रकरण आधी वाचावे. खरे तर नववी-दहावीच्या मुलांनीच ते वाचावे. शाळेत घडलेली, मुलांनी लढलेली आणि जिंकलेली ही गोष्ट त्यांना कुठल्याही व्याख्येपेक्षा लवकर कळेल.

अमेरिकेत हा विषय राज्यांच्या कायदेमंडळांत गाजतो आहे आणि तिथे दोन वाटा स्पष्ट दिसतात. ॲरिझोनाने जानेवारी २०१५ मध्ये कायदा केला: परदेशातून येऊन नागरिकत्व मागणाऱ्यांना तेव्हा जे १०० प्रश्न अभ्यासावे लागत, त्यांवर आधारलेल्या परीक्षेत ६० उत्तरे बरोबर आल्याशिवाय शाळा सोडल्याचे प्रमाणपत्र नाही. राज्यघटनेत दुरुस्त्या किती, सिनेटर किती, अशी ही परीक्षा. मग इतर राज्यांनीही तिचा कित्ता गिरवला. मॅसॅच्युसेट्सने नोव्हेंबर २०१८ मध्ये वेगळा कायदा केला. तिथे आठवीत एकदा आणि हायस्कूलमध्ये पुन्हा एकदा विद्यार्थ्यांनी स्वतः निवडलेल्या सार्वजनिक प्रश्नावर, पक्षनिरपेक्ष असा नागरी प्रकल्प करण्याची संधी देणे हे शाळांवर बंधनकारक आहे. पहिल्या कायद्यात बंधन आहे ते मुलाच्या पाठांतरावर, दुसऱ्यात ते शाळेवर आहे. महाराष्ट्राची सवय पाहता आपण ॲरिझोनाच्या वाटेने जाण्याचा धोका अधिक. शंभर प्रश्नांची पुस्तिका आपल्याकडे एका आठवड्यात बाजारात येईल.

दुसरी वाट धरायची, तर नागपूरसारखे शहर शोधून सापडणार नाही. १९५३ च्या नागपूर करारामुळे वर्षातून एकदा विधिमंडळ इथे येते. सिव्हिल लाइन्समध्ये विधान भवन आहे, त्याच भागात उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि महापालिकाही तिथून हाकेच्या अंतरावर. आठवीच्या पुस्तकातले कार्यकारी मंडळ, न्यायव्यवस्था, राज्यशासन आणि नोकरशाही ही चारही प्रकरणे एका दुपारच्या फेरीत पायी बघता येतात. हिवाळी अधिवेशनात तर सारे शहरच वर्ग होते. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, कोतवाल, शेतकरी, धनगर, हलबा, असे कोण कोण आपले मागणीपत्र घेऊन येतात. टेकडी रोडवर, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर कठड्यांपाशी मोर्चे अडतात, शिष्टमंडळ आत जाते, मंत्र्यांचे आश्वासन घेऊन बाहेर येते. शाळेच्या लेखी मात्र अधिवेशन म्हणजे बसला उशीर आणि वाहतुकीतले बदल.

सीताबर्डीतल्या गोवारी शहीद स्मारकावरून शहरातली हजारो मुले रोज जातात. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी अधिवेशनावर आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्चात पोलिसांच्या लाठीमारानंतर चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जण मेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि लहान मुले होती. मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची होती. यादीत ‘गोंड-गोवारी’ अशी नोंद होती आणि ती आपलीच, असे गोवारींचे म्हणणे होते. ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांचे म्हणणे मान्य केले. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. जमातींच्या यादीत न्यायालयाला फेरफार करता येत नाही, तो अधिकार संसदेचा, अशी भूमिका त्याने घेतली. मधल्या काळात मिळालेले प्रवेश आणि नोकऱ्या यांना मात्र संरक्षण दिले.

या एका हकिकतीत काय नाही? सभा भरवण्याचा आणि मागणी करण्याचा हक्क आहे, पोलिसी बळाच्या वापराचा प्रश्न आहे. सरकारचे उत्तरदायित्व आहे, अनुसूची आहे. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांची उतरंड आहे. न्यायालयाने कुठे थांबायचे आणि संसदेने कुठे सुरुवात करायची याची सीमारेषा आहे. वर्गात दोन गट पाडून दोन्ही निकालांची बाजू मांडायला लावली, तर आठवीची मुले जे शिकतील ते ‘न्यायालयीन पुनर्विलोकन म्हणजे काय ते स्पष्ट करा’ या प्रश्नाच्या चार ओळींच्या उत्तरात मावणार नाही. कुठल्या शाळेत असा तास होत असेल तर त्या शिक्षकाला सलाम करावा. बहुतेक ठिकाणी तो होत नाही आणि न होण्यामागे आळस क्वचितच असतो.

कारण भीतीचे आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला सेवेचे वर्तणूक नियम लागू आहेत आणि राजकारणात भाग घ्यायला बंदी आहे. ती योग्यच. पण ‘राजकारणात भाग घेणे’ आणि ‘राजकारण शिकवणे’ यांतली रेघ कुणीच आखून दिलेली नाही. आरक्षण, जात, धर्मनिरपेक्षता, आंदोलन, यांपैकी काहीही वर्गात निघाले आणि एखाद्या मुलाने घरी जाऊन अर्धवट सांगितले, की संध्याकाळी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुरुजींचा पक्ष ठरतो. सकाळी केंद्रप्रमुखांचा फोन येतो. अशा वेळी शहाणा शिक्षक पुस्तकाबाहेर एक शब्द काढत नाही.

यातली विसंगती अशी की लोकशाहीची यंत्रणा या शिक्षकाइतकी जवळून फारच थोड्यांनी पाहिलेली असते. शिक्षणहक्क कायद्याच्या २७व्या कलमाने शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामांतून सोडवले, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका ही कामे त्यांच्याकडेच ठेवली. तोच बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) होऊन दारोदार मतदारयादी तपासतो. तोच केंद्राध्यक्ष होऊन आदल्या दुपारी पेट्या घेऊन केंद्रावर मुक्काम करतो. मतदान सुरू होण्यापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान घ्यायचे, व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजून जुळवायच्या, यंत्र कोरे करायचे, मोहोर लावायची, संध्याकाळी १७-सी नमुन्यात मतांचा हिशेब भरून प्रत्येक प्रतिनिधीला त्याची प्रत द्यायची. ईव्हीएमवर घराघरांत वाद चालतो. त्या वादात आपल्याच सरांनी हे सगळे स्वतःच्या हाताने केले आहे, हे वर्गातल्या मुलांना ठाऊकही नसते. मतदान संपून दोन दिवसांनी सर वर्गात येतात आणि निवडणूक आयोगाची कार्ये फळ्यावर क्रमाने लिहून देतात. त्यांनी त्या दिवशी फळ्याकडे पाठ करून फक्त आपला निवडणुकीचा दिवस सांगितला, तरी ते प्रकरण शिकवून होईल.

जर्मनीने या भीतीवर १९७६ मध्ये तोडगा काढला. बॉइटेल्सबाख नावाच्या छोट्या गावात निरनिराळ्या राजकीय विचारांचे शिक्षणतज्ज्ञ जमले आणि तीन सूत्रे ठरली. शिक्षकाने आपले मत विद्यार्थ्यावर लादू नये. समाजात जे वादग्रस्त आहे, ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच, दोन्ही बाजूंनी मांडले जावे. आणि विद्यार्थ्याला स्वतःची परिस्थिती, स्वतःचे हित ओळखून विचार करता यावा. हा कायदा नव्हता, पण जर्मन शाळांतले राजकीय शिक्षण आजही त्या सूत्रांचा आधार घेते. शिक्षकाला त्यातून संरक्षण मिळते, कारण ‘दोन्ही बाजू मांडल्या’ हे त्याला दाखवता येते. पालकालाही तक्रारीचा ठोस निकष मिळतो. महाराष्ट्रात याचे भाषांतर करून चालणार नाही, पण अशी काहीतरी लेखी चौकट दिल्याशिवाय कुठलाही कायदा वर्गापर्यंत पोहोचणार नाही.

शिकवणाऱ्याची अडचण अशी. शिकवायच्या मजकुराचीही परीक्षा नागपूरकर मुलांनी नुकतीच पाहिली. सहावीच्या नागरिकशास्त्रात शहरी स्थानिक शासन संस्थांचे प्रकरण आहे. महापालिकेची निवडणूक दर पाच वर्षांनी होते, महापौर सभेचा अध्यक्ष असतो, नगरसेवक आपल्या प्रभागाचे प्रश्न मांडतात. नागपूर महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि १५१ नगरसेवकांच्या जागी एकटा प्रशासक आला. जून २०२२ मध्ये सहावीत गेलेल्या मुलीने हे प्रकरण पाठ करून गुण मिळवले. ती सातवीत गेली, आठवीत गेली, नववीत गेली. जानेवारी २०२६ मध्ये मतदान झाले, तेही सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून दिल्यावर. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे ७४व्या घटनादुरुस्तीने आलेले कलम स्वच्छ सांगते. एवढ्या वर्षांत ‘आपल्या प्रभागाचा नगरसेवक कोण?’ या गृहपाठाच्या प्रश्नाचे खरे उत्तर ‘कुणीच नाही’ असे होते. ते लिहिणाऱ्या मुलाला किती गुण मिळाले असते, याचा अंदाज करायला हरकत नाही.

विदर्भातच याच्या अगदी उलट चित्र आहे. गडचिरोली जिल्ह्यातले मेंढा-लेखा हे गोंडांचे छोटे गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने गावाने अनेक वर्षे अभ्यासगट चालवला. आधी विषय समजून घ्यायचा, माहीतगारांना बोलवायचे, कायद्याचा कागद वाचायचा, मग ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरवायचे, ही तिथली रीत. वनहक्क कायदा आला तेव्हा या गावाने तो अर्थासकट वाचलेला होता. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत ते होते. तरीही बांबूवरचा ताबा सोडायला वनखाते तयार नव्हते. गाव नियमांचे पुस्तक हातात धरून भांडत राहिले आणि एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश गावात आले. वाहतूक परवान्यांचे पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हाती दिले. यात परीक्षा नव्हती, श्रेणी नव्हती. स्वतःच्या जंगलाचा प्रश्न होता म्हणून कलमे पाठ झाली.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत १९ एप्रिलला विदर्भातल्या पाच मतदारसंघांत एकाच दिवशी मतदान झाले. गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के, नागपुरात सुमारे ५४ टक्के. ऊन दोन्हीकडे सारखेच होते. शाळा, महाविद्यालये, शिकवण्या, पुस्तकांची दुकाने यांत नागपूर कितीतरी पुढे. एका टक्केवारीवरून सगळे सिद्ध होत नाही, शहरातली मतदारयादी आणि स्थलांतर यांचाही त्यात भाग असतो. तरी नागरिकशास्त्रात गुण मिळवणे आणि नागरिक म्हणून वागणे यांचा सांधा शहरात निखळला आहे, एवढे मान्य करायला हा फरक पुरेसा आहे.

केरळमधल्या कोल्लम जिल्ह्याने हा सांधा जोडण्याचा प्रयत्न शाळेबाहेरूनही केला. जिल्हा पंचायतीने स्वयंसेवकांना प्रशिक्षण देऊन घरोघरी, कार्यालयांत, रिक्षाथांब्यांवर संविधानाचे वर्ग घेतले आणि जानेवारी २०२३ मध्ये संविधान-साक्षर जिल्हा म्हणून कोल्लमची घोषणा झाली. घोषणेत उत्सवाचा भाग असणारच. पण ते काम स्थानिक संस्थेने केले, निवडून आलेल्या लोकांनी केले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपल्याकडेही २००९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ५०० शाळांत ‘मूल्यवर्धन’ हा उपक्रम सुरू झाला. त्याचा पाया संविधानातल्या मूल्यांचा होता आणि पद्धत गटचर्चेची. म्हणजे वेगळे काही करून पाहणारे महाराष्ट्रात नाहीत असे नाही. त्यांचे काम मोहीम म्हणून येते, आणि अधिकारी किंवा मंत्री बदलले की मागे पडते. कायद्याचा उपयोग असलाच तर तो इथे आहे.

तसा कायदा करायचा झाला, तर त्याने मुलांऐवजी शासनाला बांधावे. आठवड्यातून नागरिकशास्त्राचा एक स्वतंत्र तास, जो इतिहासाला किंवा जादा गणिताला देता येणार नाही. सहावी ते दहावीच्या काळात किमान एकदा, गावाच्या किंवा प्रभागाच्या खऱ्या प्रश्नावर मुलांनी निवडलेला, मुलांनी केलेला पाठपुरावा. शिक्षकासाठी लेखी चौकट आणि तिच्या आत राहून शिकवणाऱ्याला कारवाईपासून संरक्षण. ग्रामपंचायत, महापालिका, जिल्हा परिषद यांनी शाळेकडून आलेल्या प्रश्नाला ठरावीक दिवसांत उत्तर देण्याचे बंधन. मुलांना मत नसते, पण माहितीचा अधिकार असतो. तो कायदा नागरिकाचे वय विचारत नाही. लखनौच्या एका दहा वर्षांच्या मुलीने २०१२ मध्ये ‘गांधीजींना राष्ट्रपिता ही पदवी कुठल्या आदेशाने दिली?’ असा अर्ज केला, तेव्हा पंतप्रधान कार्यालयापासून राष्ट्रीय अभिलेखागारापर्यंत सगळ्यांना कागद धुंडाळावे लागले आणि तसा आदेश सापडत नाही, असे तिला कळवावे लागले. धंतोलीतल्या किंवा कामठीतल्या सातवीच्या वर्गाने आपल्या शाळेसमोरच्या उघड्या गटाराबद्दल असा एक अर्ज केला, तर नस्ती, टिपणी, निविदा, निधी हे सगळे शब्द त्यांना महिन्याभरात कळतील.

यावर एक आक्षेप हमखास येतो: याने शाळेत राजकारण शिरेल. राजकारण मुलांच्या हातातल्या मोबाइलवर केव्हाच शिरले आहे, तेही एकाच बाजूचे, कापून-जोडून केलेल्या तीस सेकंदांच्या तुकड्यांत. दोन्ही बाजू ऐकून घेण्याची सवय लावणारी जागा शाळेइतकी दुसरी उरलेली नाही. दुसरा आक्षेप शिक्षकांवरच्या भाराचा, आणि तो खरा आहे. रिकाम्या पदांच्या आणि ऑनलाइन माहिती भरण्याच्या भाराखाली दबलेल्या शिक्षकावर आणखी एक नोंदवही लादली, तर या कायद्याचा पर्यावरणाचा प्रकल्प होईल. म्हणून त्यात नोंदवही नसावी, फोटो अपलोड करणे नसावे, आणि श्रेणीही नसावी.

हे ठरवायला वेळ थोडा आहे. राज्यातल्या शाळा टप्प्याटप्प्याने सीबीएसईच्या धर्तीवर नेण्याचे शासनाने २०२५ मध्ये जाहीर केले आणि नवी पुस्तके इयत्तेनुसार येत राहणार आहेत. एनसीईआरटीने २०२३ मध्ये आपल्या दहावीच्या पुस्तकातून जनआंदोलने आणि लोकशाहीपुढील आव्हाने यांवरची प्रकरणे वगळली. बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात ही दोन्ही प्रकरणे २०१८ पासून आहेत. नव्या पुस्तकात ती राहणार की जाणार, हा निर्णय अभ्यास मंडळाच्या बंद खोलीत होण्याआधी आमदारांनी हा प्रश्न हिवाळी अधिवेशनात विचारायला हवा. तारांकित प्रश्न म्हणून तो मांडता येतो, शिक्षणमंत्र्यांना सभागृहात त्याचे उत्तर द्यावे लागते, आणि प्रेक्षक सज्जात त्या दिवशी नागपूरच्या चार शाळांच्या दहावीच्या मुलांना बसवायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही.